अक्कलदाढेची कैफियत

परवा एका विद्वान वकीलमित्रांनी, जबड्यात आडव्या रुतलेल्या अक्कलदाढेचे क्ष-किरणचित्र उजेडात धरून, 'मनुष्यास हिचे प्रयोजन उरले नाही, सबब उत्क्रांतीने हिच्या बडतर्फीचे फर्मान काढले आहे,' असा निकाल दिला आणि आमचे चित्त अस्वस्थ केले. ही दाढ बहुधा 17 ते 25 या वयात उगवते व जागा नसल्यास हिरडीला छळते, हे सर्वश्रुतच आहे. वाद एवढाच, की ती जागा गेली कोठे?

वंशाने मिळालेले आणि वाढीत घडलेले, हा भेद वकीलसाहेबांनी सोयीस्करपणे दफ्तरी दाखल केला. दाताचा आकार तो हिरडीबाहेर येण्यापूर्वीच निश्चित होतो. जबड्याचे अस्थी मात्र बालपणी चर्वणाचा जो भार सोसते, त्यावर पुष्कळ अंशी अवलंबून वाढते. काहींना ही दाढ मुळातच नसते, हा पुरावा त्यांच्या बाजूचा खरा, पण तो दाढेच्या अभावाचा, जबड्याच्या अपुरेपणाचा नव्हे. खुद्द डार्विननेही 1871 साली जबडा आखूड होण्याचा दोष मऊ, शिजवलेल्या अन्नावर ठेवला होता, तेव्हा मित्रांना सांगण्यासारखे थोडे आमच्यापाशीही आहे. हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यांना शिजवून मऊ केलेले अन्न देऊन वाढविले असता, त्यांच्या चेहऱ्याच्या काही भागांची वाढ सुमारे 10 टक्क्यांनी कमी झाल्याचे संशोधक लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली दाखविले. ती पिढी एकच होती, आणि एका पिढीत उत्क्रांतीचे फर्मान सुटत नसते.

आता थोडे विषयांतर. ऊस दातांनी सोलावा, फुटाणे कडाकडा फोडावेत, शिळी भाकरी चिवटपणे चावीत बसावे, ही आमच्या बालपणाची कसरत आज आंबेमोहोराच्या मऊ भातात आणि बिस्किटांत लोपली. ती मुलांना पुन्हा सक्तीने करायला लावावी, असा तगादा लावण्याच्या इराद्यानेच आम्ही लेखणी उचलली होती.

परंतु ऑस्ट्रेलियाच्या बेग या दंततज्ज्ञाने 1954 साली तेथील आदिवासींच्या दातांविषयी जे लिहिले, ते या इराद्यास सरळ छेद देते. खडबडीत आहाराने त्यांचे दात केवळ वरूनच नव्हे, तर परस्परांना भिडणाऱ्या बाजूंनीही झिजत, सारी ओळ आखूड होई आणि अखेरच्या दाढेला तिथे स्थान मिळे. म्हणजे जी प्रशस्तता आम्ही निव्वळ श्रमाचे फळ समजत होतो, तिच्यात ऱ्हासाचाही वाटा होता. प्राचीन इजिप्तमध्ये तर भाकरीतल्या वाळूने दात मज्जेपर्यंत झिजून पू होई. असल्या ऐसपैस जबड्यापेक्षा मऊ भात आणि प्रसंगी दंतवैद्याचा चिमटा आम्हांस पत्करला. मात्र चिमट्याची घाईही नको: निरोगी रुतलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून उपटू नये, असा सल्ला ब्रिटनच्या आरोग्यसेवेस 2000 साली देण्यात आला आहे.