"अरे देवा!" ही हाक कुणाला?

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध 6, अध्याय 2.

लोकल सुटली, फोन हातातून पडला, की तोंडातून काय निघतं? "अरे देवा!" आपण काही त्याला प्रार्थना समजत नाही. पण जरा व्याकरण बघा. "देव" नाही, "देवा". हे संबोधन, आठवी विभक्ती, हाक मारतानाचं रूप. "अरे रामा", "विठ्ठला" तसंच. "हरे राम"मधलं "हरे" म्हणजे संस्कृतात हरीला मारलेली हाक. एवढंच काय, "बाप रे!" म्हणतानाही आपण बापालाच बोलावतो. हे उद्गार मुळात हाकाच आहेत. वापरून वापरून ऐकणारा तेवढा विसरलाय.

इंग्रजीत वेगळं झालं. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही बायबलच्या दहा आज्ञांतली एक. म्हणून लोकांनी "गॉड"चा उच्चार वळवून "गॉश" केला. 18व्या शतकापासून तो सापडतो. नाव स्वस्त होऊ नये ही काळजी मला पटते. भागवत मात्र दुसऱ्या वाटेने जातं.

अजामिळ 88 वर्षांचा, सगळा आचार सोडलेला. यमदूत दिसल्यावर घाबरून त्याने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचं नाव नारायण. विष्णुदूत धावत आले! यमदूतांशी त्यांचा वाद होतो, आणि तिथे ते सांगतात की नाव दुसऱ्या कुणाला उद्देशून घेतलं, थट्टेत घेतलं, अवहेलनेने घेतलं किंवा "स्तोभ" म्हणून घेतलं, तरी ते पाप हरतं. स्तोभ म्हणजे गाण्यात जागा भरायला घातलेली, अर्थ नसलेली अक्षरं. आपलं "अरे देवा" मला याच खात्यात दिसतं.

हे वाचताना मला आजी आठवते. अर्धांगवायूनंतर तिची वाचा गेली. आमची नावं येईनात, "पाणी" म्हणता येईना. पण कूस बदलताना "अरे देवा" अगदी स्पष्ट यायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जुळवून बोलायची भाषा जाते, पण सवयीचे उद्गार, पाठ असलेली स्तोत्रं, कधीकधी शिव्यासुद्धा शाबूत राहतात. काका म्हणाला, "म्हणजे ती सवय आहे, भक्ती नाही." आई गप्प बसली. मला ते फार लागलं, कारण आजीचं नामस्मरण म्हणून आमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

आज काकाला सांगेन, सवय असेलही. अजामिळालाही देव अभिप्रेत नव्हता, मुलगा होता. आणि तेव्हा तो लगेच वैकुंठाला गेला नाही, हे आपण कथा सांगताना गाळतो. त्याला आयुष्य परत मिळालं, पश्चात्ताप झाला, मग तो गंगाद्वारी जाऊन साधनेला बसला. (एक मात्र, नाव आहेच म्हणून खुशाल पाप करणं, हा परंपरेने नामापराधच मानलाय.)

आजीला तसा वेळ मिळाला नाही. शेवटच्या आठवड्यात ती "अरे देवा" म्हणाली की आई शेजारून "विठ्ठल विठ्ठल" म्हणायची. आजी तिच्याकडे बघायची.

उद्या अध्याय 3: यमदूत परत जाऊन यमालाच प्रश्न विचारतात. राम कृष्ण हरी.