घोडबंदरचा किल्ला कोणाचा?

2001 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 5,20,388 होती, 2011 मध्ये ती 8,09,378 झाली. दहा वर्षांत जवळपास तीन लाखांनी वाढलेल्या या शहरात बहुतेकांचे 'गाव' दुसरीकडेच असते. उत्तन, डोंगरी, राई, मोर्वा इथली जुनी कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन घरे सोडली, तर खाडीकाठच्या घोडबंदर किल्ल्याशी आपले नाते काय, असे अनेकांना वाटत असेल. पण पूर्वजांचे नाते हीच कसोटी मानली, तर हा किल्ला कोणाचाच उरत नाही. तो बांधला पोर्तुगीजांनी. 1737 मध्ये तो मराठ्यांकडे आला, तेव्हा त्यांच्या फौजेचे नेतृत्व चिमाजी अप्पा करत होते आणि तेही घाटावरून खाली उतरलेले. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. किल्ल्याचे सगळे धनी बाहेरून आलेले. दगड वाहणारे आणि होड्या वल्हवणारे हात मात्र बरेचसे इथलेच असणार, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे, की वास्तूची जबाबदारी आज तिच्या आसपास राहणाऱ्यांची आहे. 1976 मध्ये राज्यघटनेत आलेल्या कलम 51-क मध्ये संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. त्या नागरिकाचे आजोबा कुठले, हे ते कलम विचारत नाही.

परकीयांनी, तेही धर्मछळ करणाऱ्या सत्तेने बांधलेले का जपायचे, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण त्याचे उत्तर इथून जवळच, चौक गावात आहे. तिथला धारावी किल्ला मराठ्यांनी मार्च 1739 मध्ये घेतला, वसईची समुद्राकडची रसद आवळली गेली आणि मे महिन्यात वसई पडली. आज तिथे चिमाजी अप्पांचे स्मारक आहे, तटबंदी मात्र जवळजवळ नाही. कोण जिंकले हे स्मारक सांगते. जिंकणे किती अवघड होते, किती रक्त सांडले असेल, हे समजायला समोर तट उभा असावा लागतो. शत्रूची भिंत पुसली की आपल्या माणसांचा पराक्रमही पुसट होतो. शिवाय वसईच्या तहात पोर्तुगीजांना सन्मानाने निघून जाऊ दिले गेले आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला उपासनेची मुभा मिळाली. विजेत्यांनी दाखवलेला हा संयम त्यांच्या वारसांना दगडांच्या बाबतीत पाळता येऊ नये?

पाणी आणि लोकलमधली गर्दी आधी, दगड नंतर, असेही म्हटले जाते. पाणी आधीच. पण जुन्या वास्तूंचे नुकसान पैशाच्या टंचाईने होते तसे उधळपट्टीनेही होते. चुन्याच्या जुन्या सांध्यांवर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार दगडाला पोखरतात आणि नवी दिसणारी भिंत आतून फुटत जाते. महापालिकेने घोडबंदरच्या डागडुजीचे काम हाती घेतले हे चांगलेच झाले. आता कोणता भाग कोणत्या काळातला आणि कोणता आपण नव्याने बांधला, याचा नकाशा किल्ल्याच्या दारातच लावावा. रोषणाईचे खांब त्यानंतर.