पाणबुड्याचें भय

प्लेटोच्या ‘लॅकीज’ या संवादांत दोन सेनानींबरोबर शौर्याचें लक्षण शोधीत असतां सॉक्रेटीस मध्येंच एक चमत्कारिक प्रश्न विचारतो. बुडी मारण्याची विद्या ज्याला येत नाहीं असा मनुष्य विहिरींत उतरून नेटानें टिकून राहिला, तर त्या विद्येंत निष्णात असलेल्या माणसापेक्षां तो अधिक शूर म्हणावयाचा काय? लॅकीज होकार देतो आणि तत्काळ पेचांत सांपडतो. कारण अविचारी चिकाटी ही हीन व अपायकारक होय, हें त्यानें नुकतेंच मान्य केलेलें असतें. बी. ए.च्या वर्गांतील मुलांना हा दृष्टांत ओढूनताणून आणलेला वाटतो. हौशी पाणबुड्यांच्या जगांत मात्र तो आज प्रत्यक्ष घडत आहे.

तांबड्या समुद्रांत, सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ, ‘थिसलगॉर्म’ नांवाचें ब्रिटिश मालवाहू जहाज ता. ६ ऑक्टोबर १९४१ रोजीं जर्मन विमानांच्या बाँबांनीं बुडालें. त्यावरील नऊ माणसें गेलीं. सैन्याकरितां नेलेल्या मोटारी, मोटारसायकली, बंदुका पोटांत घेऊन तें सुमारें ३० मीटर खोल पाण्यांत अजून बसलें आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून देशोदेशींचे हौशी लोक तें पाहावयास उतरतात. त्यांतील कांहीं तर रात्रीं उतरतात. प्रवाह तेथें पुष्कळदां जोराचा असतो. दिवसा निदान वर उजेड कोठें आहे हें कळतें. रात्रीं विजेरीचा झोत पडेल तेवढेंच जग उरतें, आणि कोठाराच्या आंत शिरल्यावर तर डोक्यावर पाणी नसून लोखंड असतें. चार दिवसांचें शिक्षण आणि स्वच्छ उन्हांतल्या दहापांच बुड्या एवढ्याच शिदोरीवर आलेला नवशिका या ठिकाणीं दोर धरून खालीं पाहतो, तेव्हां सॉक्रेटिसाचा तो विहिरींतला मनुष्यच आपल्यापुढें असतो.

३० मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्यामुळें प्रत्येक श्वासाला हवाही चौपट खर्च होते. नायट्रोजन वायूनें बुद्धीवर किंचित् धुंदी चढते. घाबरून एकदम वर धांवावें, तर तेंही वर्ज्य. श्वास रोखून वर येणाऱ्याचीं फुप्फुसें फुगणाऱ्या हवेनें फाटूं शकतात. अशा स्थितींत भयाचें स्वरूपच पालटतें. आपल्या वेदान्त्यांचा दोरीवरील साप दिवा आणतांच नाहींसा होतो. पाण्याखालीं तसें नाहीं. घाबरलेला मनुष्य भराभर उथळ श्वास घेतो. त्यामुळें शरीरांतील कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाहीं. तो साठला कीं गुदमरल्यासारखें होतें, आणि गुदमरल्यामुळें श्वास आणखीच वाढतो. टाकींत हवा असतांना तोंडांतील नळी ओढून काढणारे पाणबुडे आढळले आहेत. मृत सांपडलेल्यांपैकीं अनेकांच्या कमरेला शिशाचा पट्टा, जो एका हिसड्यानें सोडतां आला असता, तसाच बांधलेला असतो. तेथें दोरीचा साप खरोखर डसतो. म्हणून ‘तुझें भय सकारण आहे काय?’ हा प्रश्नच त्या जागीं निरर्थक ठरतो.

हें ओळखूनच असेल, अनुभवी पाणबुड्यांत एक नियम रूढ आहे: कोणींही, केव्हांही, कोणत्याही कारणासाठीं बुडी सोडून द्यावी, व त्याला कोणीं जाब विचारूं नये. खूण साधी आहे. आंगठा वर करावयाचा, आणि रात्रीं तो विजेरीच्या उजेडांत धरावयाचा. (जमिनीवर हाच आंगठा ‘सारें ठीक आहे’ म्हणून दाखवितात, ही एक गंमतच.) या उदारतेनें भ्याडपणाला आश्रय मिळेल असा आक्षेप कोणी घेईल. कांहींना मिळेलही. ॲरिस्टॉटलनें शौर्याला भित्रेपणा व बेफामपणा यांच्या मध्यें बसविलें आहे. परंतु जेथें भित्रा मनुष्य फार तर एक रात्र गमावतो आणि बेफाम मनुष्य स्वतःबरोबर जोडीदारालाही गमावूं शकतो, तेथें दोन्ही चुका एका तराजूंत घालणें मला पटत नाहीं.

हा नियम पाळणें अवघड होतें तें लज्जेमुळें. नवशिक्यानें दूरचा प्रवास केलेला असतो, पैसे भरलेले असतात. तो वर आला तर जोडीदारासही वर यावें लागतें. त्या अंधारांत समुद्रापेक्षां जोडीदाराच्या कपाळावरील आठीचेंच त्याला भय अधिक वाटतें, आणि आंगठा खालींच राहतो. गीतेच्या अठराव्या अध्यायांत भय व अभय जाणणें हें सात्त्विक बुद्धीच्या लक्षणांत घातलें आहे. परंतु ज्याची बुद्धि आधींच झांकोळली आहे अशा एकट्या नवशिक्यापाशीं ती कशी मागावी? हा विवेक अगोदर, होडीवर, उजेडांत व्हावयास पाहिजे, आणि त्याचा भार ज्याला तें जहाज ओळखीचें आहे त्याच्यावर आहे. ‘आज मला ठीक वाटत नाहीं’ हें वाक्य अनुभवी मनुष्यानें एकदां सर्वांदेखत उच्चारलें, तर दहा सूचनांनीं होणार नाहीं तें काम होतें. उलट ‘कांहीं होत नाहीं हो, चला!’ म्हणून पाठीवर थाप मारणारा वाटाड्या मला त्या नवशिक्याहून अधिक दोषी वाटतो. सुटींत मालवणच्या समुद्रांत बुडी मारून आलेल्या आपल्याकडील तरुणांनाही ही थाप अगदींच अपरिचित नसावी.

जोडीदाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. दुसऱ्याच्या भयापायीं ज्याची रात्र फुकट गेली, त्यानें राग गिळून हंसावें, हें ढोंग नव्हे काय? थोडेंसें असेल. पण वर आलेला नवशिका होडीच्या शिडीवर, डोळ्यांवरची कांच काढतां काढतां, पहिल्यानें त्याच्याच तोंडाकडे पाहत असतो.