सांगण्याआधी बघायला लावणं

टेनिस शिकवणारा माणूस सहसा बोलतच असतो. मनगट घट्ट धर, गुडघे वाकव, रॅकेट आधीच मागे घे. टिमथी गॅल्वे हे अमेरिकन प्रशिक्षकही १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात असंच शिकवत होते. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की आपण जितकं जास्त सांगतो तितका शिकणारा आखडतो, आणि आपण गप्प बसलो की काही चुका आपसूक सुटतात. मग त्यांनी सूचना बाजूला ठेवून एकच काम दिलं. चेंडूचा टप्पा पडला की 'टप्पा' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'फटका'. एवढ्यानंच नजर चेंडूवर खिळायची आणि हात वेळेवर यायचा. हे सगळं त्यांनी १९७४ च्या 'द इनर गेम ऑफ टेनिस' या पुस्तकात लिहिलं. आज ऑफिसांमध्ये ज्याला कोचिंग म्हणतात, त्याचं एक मोठं मूळ तिथे आहे.

पुढे एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या ऑपरेटरांसोबतही त्यांनी काम केलं. ग्राहकांशी नम्रपणे बोला, असा उपदेश तिथे केला नाही. पलीकडच्या आवाजात किती ताण आहे ते नीट ऐका आणि त्याला मनाशी गुण द्या, एवढंच सांगितलं. समोरचा माणूस खरोखर ऐकू यायला लागल्यावर बोलण्यातला तुटकपणा टिकेल कसा?

आपल्याकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये हेच पाहा. लेथवर नवा मुलगा एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा जॉब फिरवतोय, एचएसएसच्या, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या टूलची धार सारखी जातेय. 'स्पीड कमी कर' असं सांगून सुपरवायझर पुढे गेला, तर आजचा जॉब निघतो. पण तो थांबून म्हणाला, 'चिपचा रंग बघ बरं. मघाशी असाच होता का?' तर मुलगा वाकून बघतो. मघाशी पांढुरकी पडणारी चिप, म्हणजे धातूचा कीस, आता निळी पडतेय. म्हणजे उष्णता वाढलीय. मग स्पीड जास्त आहे, की धार आधीच बोथट झालीय, की कूलंट पोचत नाही, हे त्याचं त्यालाच शोधावंसं वाटतं. उद्या हातात कार्बाइडचं टूल आलं, की निळी चिप पाहून तो उगीच घाबरणार नाही, कारण ते टूल जास्त उष्णता सोसतं. नुसता पाठ केलेला नियम असता, तर तो इथे अडला असता.

अर्थात प्रत्येक गोष्ट विचारून शिकवायची नसते. चालत्या लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, चक-की, म्हणजे चक आवळायची किल्ली, चकमध्ये ठेवून मशीन सुरू करायची नाही, हे स्पष्ट शब्दांत, पहिल्याच दिवशी सांगायचं. तिथे प्रश्न विचारत बसणं हा बेजबाबदारपणा आहे.

आणि विचारायचंच असेल, तर ते खरं हवं. अनेक साहेब उत्तर आधी ठरवून प्रश्न टाकतात, 'तुला काय वाटतं?' असं म्हणतात आणि आपलं उत्तर येईपर्यंत मान हलवत राहतात. हाताखालची माणसं हे दुसऱ्या प्रश्नालाच ओळखतात. मग समोरची फाइल, ग्राहक, मशीन सगळं बाजूला राहतं आणि साहेबांना काय ऐकायचंय, याचाच अंदाज बांधणं सुरू होतं.