तुकड्यांचा आत्मा

१९३८ साली युनिव्हर्सलने ‘फ्लॅश गॉर्डन्स ट्रिप टू मार्स’ ही १५ भागांची मालिका थिएटरांत आणली. दर आठवड्याला एक भाग. भागाच्या शेवटी नायक बस्टर क्रॅब मरणाच्या दारात, आणि पोरं सात दिवस जीव मुठीत धरून!

त्याच वर्षी ती कापून ‘मार्स अटॅक्स द वर्ल्ड’ हा सलग चित्रपट निघाला. नट तेच, दृश्यंही तीच.

मग कलाकृतीही तीच का?

‘मिलिंदपञ्हा’ या पाली बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. जोडणीलाच रथ हे नाव. इथे जोडणीच बदलली आणि आठवडाभराची वाट पाहणं गळालं. ते कुठल्याच रिळावर नव्हतं, तरी मालिकेचा प्राण तेच होतं. म्हणून हा चित्रपट वेगळीच कृती मानावा लागतो.