जंगलाचं वय

आमच्या किनवटकडं गोंड, कोलामांची घरं सागवानाच्या जंगलाला लागूनच. पैनगंगा अभयारण्यही इथलंच. जंगलाचा वर्धापनदिन म्हटलं की फेरी, फलक, भाषणं. पण वाढदिवस कुणाचा, जंगलाचा की सरकारी कागदाचा?

ताडोबाचंच बघा. राष्ट्रीय उद्यान 1955 सालचं, म्हणून वर्षं तिथून मोजायची. नाव मात्र तारू या गोंडांच्या देवाचं; त्याचं ठाणं तळ्याकाठी. नवेगाव, जामणी ही गावं वाघासाठी उठून बाहेर वसली. राखण हवीच, नाहीतर साग ट्रकात जायला कितीसा वेळ लागतो? पण ज्यांनी देव मानून झाडं राखली त्यांना मांडवात मागं बसवायचं, अन् हार पुढच्यांनी घ्यायचे, हे काही पटत नाही. निदान वय तरी त्यांना विचारून मोजावं.