किल्ली कुणाच्या कमरेला?

दोस्तांनो, अपमान झाला की उठून बाहेर पडावं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण बाहेर पडून नवं घर बांधायचं, त्याची रीत कुठली? जॉबर बदलला म्हणून साचा बदलत नाही.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं बघा. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सेंट जॉर्ज चर्चात काळे लोकही जायचे. सज्जा बांधायला त्यांनीही पैसे घातले. आणि एका रविवारी गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या अ‍ॅब्सालम जोन्सला गोऱ्या कारभाऱ्यांनी ओढून उठवायला घेतलं. देव समोरच होता म्हणे! प्रार्थना संपली नि सगळे काळे एकगठ्ठा बाहेर पडले.

त्यांच्यात रिचर्ड अ‍ॅलन होता. गुलामीत जन्मलेला, स्वतःची किंमत मोजून सुटलेला, जोडे शिवून पोट भरणारा. त्यानं नि जोन्सनं १७८७ मध्येच एक मंडळ काढलं होतं. महिन्याला एक शिलिंग वर्गणी, त्यातून विधवा-पोरक्यांना मदत. म्हणजे आधी फंड, मग चर्च. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. पुढं अ‍ॅलननं लोहाराचं जुनं दुकान विकत घेतलं, घोडे जुंपून आपल्या जागेवर ओढत आणलं. १७९४ ला तिथं बेथेल चर्च उघडलं.

इथवर पोवाडा झाला. पण चर्चची घटना लिहून दिली एका गोऱ्या धर्माधिकाऱ्यानं, आणि तीत जागेचा ताबा गेला गोऱ्यांच्या परिषदेकडं. घाम यांचा, किल्ली त्यांची. ती सोडवायला कोर्टापर्यंत जावं लागलं, १८१६ उजाडलं. त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्वतंत्र उभं राहिलं, अ‍ॅलन पहिला बिशप. नोंदणी, ठराव, पावतीपुस्तक याला आपली पोरं कारकुनी म्हणून हसतात. बेथेलवाल्यांना हीच कारकुनी वीस वर्षं नडली.

आता खरा सवाल. जरीना ली नावाची मोलकरीण अ‍ॅलनकडं आली. म्हणाली, मला उपदेश करायचाय. अ‍ॅलन म्हणाला, आपल्या नियमात बायांचा उपदेश बसत नाही. नियम कुणाचे? ज्यांनी गुडघ्यावरून उठवलं त्यांचेच की! साला, बाहेर पडताना माणूस सामान विसरतो, पण मालकाचा नियम बरोबर उचलून आणतो. आपल्या विहारात सतरंज्या कोण अंथरतं नि माईक कुणाच्या हातात असतो, तेही जरा बघा.

काही वर्षांनी बेथेलमध्येच उपदेशक बोलता बोलता अडखळला. जरीना उठली नि तिथूनच बोलू लागली. अ‍ॅलननं ऐकलं आणि तिचं म्हणणं भर सभेत मान्य केलं. हे त्याचं मोठेपण, मी मानतो. तरी दीक्षित पाळकाचा हक्क तिला मिळाला नाहीच. ती मैलोन्‌मैल पायी फिरली, उपदेश करत राहिली, १८३६ ला तिनं स्वतःचं आयुष्य छापलं.

त्या चर्चात पहिली बाई बिशप झाली, वाश्टी मॅकेन्झी. साल २०००.